रेडिओलेबल्ड अँटिबॉडी वापरून उंदरातला ट्यूमर बघणं: नाशिकच्या विद्यार्थ्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

कॉलेज रोड, गंगापूर रोड, आडगावकडची फार्मसी, बायोटेक, मायक्रोबायोलॉजीची मुलंमुली प्रोजेक्ट किंवा सेमिनारचा टॉपिक घेतात आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर साधारण हेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांब आहेत कारण मुद्दाच तसा आहे, आणि ट्यूमर चमकला म्हणजे काय सिद्ध झालं हा प्रश्न तर कोणीही वगळू नका.

हे नेमकं असतं काय?

अँटिबॉडी एका ठराविक टार्गेटलाच जाऊन चिकटते हे बारावीत शिकलेलं असतं. काही कॅन्सरच्या पेशींवर एखादं प्रोटीन नॉर्मलपेक्षा खूप जास्त असतं, उदाहरणार्थ ब्रेस्ट कॅन्सरच्या काही पेशंटमध्ये हर-टू. त्या प्रोटीनला धरणारी अँटिबॉडी घ्यायची, तिला रेडिओअ‍ॅक्टिव्ह अणू जोडायचा, ट्यूमर असलेल्या उंदराच्या शेपटीच्या शिरेतून ती द्यायची आणि पेट किंवा स्पेक्ट स्कॅनरमध्ये (शरीरातून येणारं रेडिएशन टिपून चित्र बनवणारी मशीन) बघायचं की ती कुठे जाऊन बसली. पेटवर केलं तर त्याला इम्युनोपेट म्हणतात. प्रीक्लिनिकल म्हणजे माणसावर जायच्या आधीचा टप्पा, पेशी आणि प्राणी.

साधा एफडीजी पेट स्कॅन असताना एवढा उपद्व्याप कशाला?

कारण एफडीजी ग्लुकोजसारखं वागतं, जिथे साखर जास्त खाल्ली जाते तिथे चमकतं, मग तो कॅन्सर असो, इन्फेक्शन असो नाहीतर मेंदू आणि हृदय असो. ट्यूमरमध्ये हर-टू आहे का, किती आहे, सगळ्या गाठीत सारखं आहे का, औषध तिथे पोचतंय का, हे एफडीजी सांगूच शकत नाही. आणि नवीन अँटिबॉडी औषध बनवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

ही आयडिया नवीन आहे का?

अजिबात नाही. डेव्हिड प्रेसमन यांनी १९४८ च्या सुमारास आयोडीन लावलेल्या अँटिबॉडी उंदीरवर्गीय प्राण्यांच्या किडनीत जाऊन बसतात हे दाखवलं होतं. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी हायब्रिडोमाची पद्धत आणली, त्यामुळे एकसारखी मोनोक्लोनल अँटिबॉडी हवी तेवढी मिळायला लागली, १९८४ चं नोबेल त्यालाच. मधे १९७८ मध्ये गोल्डनबर्ग यांच्या टीमने पेशंटमधले ट्यूमर आयोडीन-१३१ लावलेल्या अँटिबॉडीने स्कॅनवर दाखवले, आणि त्या अँटिबॉडी शेळीत बनवलेल्या होत्या, मोनोक्लोनल नव्हत्या. म्हणजे मागे पंचाहत्तर वर्षांचं काम उभं आहे, नवीन आहेत ते आयसोटोप, स्कॅनर आणि केमिस्ट्री.

आयसोटोप कुठला निवडायचा?

इथे बहुतेकांची पहिली गडबड होते. आयसोटोपचा हाफ-लाइफ आणि अँटिबॉडीचा शरीरातला वेग जुळला पाहिजे. पूर्ण अँटिबॉडी म्हणजे आयजीजी साधारण १५० किलोडाल्टनची, ती रक्तात दिवसच्या दिवस फिरते, ट्यूमरमध्ये हळूहळू झिरपते. सुरुवातीला स्कॅन केलं तर हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्याच दिसतात, ट्यूमर त्या गोंधळात हरवून जातो. रक्तातलं कमी व्हायला उंदरातसुद्धा तीन-चार दिवस द्यावे लागतात.

आता गॅलियम-६८ चा हाफ-लाइफ ६८ मिनिटं आणि फ्लोरीन-१८ चा ११० मिनिटं. अँटिबॉडी पोचायच्या आत आयसोटोप संपलेला. म्हणून पूर्ण अँटिबॉडीसाठी पेटमध्ये झिर्कोनियम-८९ सगळ्यात जास्त वापरतात, त्याचा हाफ-लाइफ ७८.४ तास, म्हणजे सव्वातीन दिवस. सहाव्या दिवशीसुद्धा २८ टक्के उरतं. कॉपर-६४ चा १२.७ तास, तो अँटिबॉडीच्या छोट्या तुकड्यांना बरा. आयोडीन-१२४ चा ४.२ दिवस. स्पेक्टवर करायचं असेल तर इंडियम-१११, २.८ दिवस.

आपल्या इथून विचार केला तर आकडे अजून स्पष्ट होतात. मुंबईच्या बाजूने आयसोटोप निघाला, कसारा घाट, ट्रॅफिक धरून नाशिकला यायला चार तास लागले असं समजा. फ्लोरीन-१८ निघताना जेवढं होतं त्याच्या २२ टक्के हातात येईल, गॅलियम-६८ जेमतेम ९ टक्के, आणि झिर्कोनियम-८९ मात्र ९६ टक्क्यांच्या वर. नंतर लेबलिंगला लागणारा वेळ वेगळाच.

झिर्कोनियम-८९ सायक्लोट्रॉनमध्ये इट्रियम-८९ वर प्रोटॉन मारून बनवतात, आणि निसर्गातलं सगळं इट्रियम हे इट्रियम-८९ च असल्यामुळे महागडं वेगळं केलेलं टार्गेट लागत नाही. तोटा असा की फक्त २३ टक्के वेळा पॉझिट्रॉन निघतो, आणि सोबत ९०९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा जवळपास प्रत्येक वेळी निघतो, त्याला शिसं जाड लागतं.

मग आयोडीन का नको? जोडायला तर सगळ्यात सोपं.

सोपं आहे, टायरोसिनवर थेट बसतं, वेगळा कीलेटर (धातू पकडून ठेवणारा रेणू) लागत नाही. पण अँटिबॉडी पेशीच्या आत ओढली गेली की लायसोसोममध्ये तिचे तुकडे होतात आणि आयोडीन सुटून बाहेर पडतं, ट्यूमर फिका होतो आणि थायरॉइड, पोट चमकायला लागतात. झिर्कोनियमसारखा धातू मात्र आत गेला की आतच अडकून राहतो. म्हणून टार्गेट आत ओढलं जाणारं असेल तर धातू घ्या. पेशीच्या पृष्ठभागावरच राहणारं असेल तर आयोडीन चालू शकतं, फक्त उंदराचं थायरॉइड आधी साध्या आयोडाइडने ब्लॉक करायला विसरू नका.

लेबल लावतात कसं, स्टेप बाय स्टेप सांगाल का?

झिर्कोनियमचं सांगतो. पहिलं काम पूर्ण थंड, म्हणजे रेडिओअ‍ॅक्टिव्हिटीशिवाय. अँटिबॉडीच्या लायसिनवर डेफेरोक्सामिन जोडायचं, थोडक्यात डीएफओ. थॅलेसेमियाच्या मुलांच्या शरीरातलं जास्तीचं लोह काढायला जे औषध देतात तेच हे, त्याला धातू पकडून ठेवायची सवय आहे. एका अँटिबॉडीवर एक ते दोन डीएफओ बसले की बास, जास्त बसवले तर अँटिबॉडीचं टोक झाकलं जातं आणि ती टार्गेटला धरतच नाही.

दुसरं काम हॉट लॅबमध्ये. झिर्कोनियम ऑक्झॅलिक अ‍ॅसिडमध्ये येतं, सोडियम कार्बोनेट थेंबाथेंबाने घालून पीएच ७ च्या आसपास आणायचा. हे घाईने केलं की बुडबुडे येतात, पीएच वर उडतो आणि सगळं वाया, म्हणून शिसाच्या विटांमागे हात घालूनही शांतपणे करायचं. मग डीएफओ जोडलेली अँटिबॉडी घालून तासभर हलवत ठेवायचं. नंतर क्रोमॅटोग्राफीच्या छोट्या आयटीएलसी पट्टीवर एक ठिपका द्यायचा आणि पट्टी ईडीटीए (मोकळा धातू पकडणारं रसायन) असलेल्या द्रावात उभी करायची: अँटिबॉडीला चिकटलेलं खालीच राहतं, मोकळं झिर्कोनियम द्रावाबरोबर वर पळतं. पट्टी कापून दोन्ही भागांचे काउंट्स घेतले की किती टक्के लागलं ते कळतं. मग साइझ एक्स्क्लूजन, म्हणजे आकारावरून रेणू वेगळे करणाऱ्या कॉलममधून काढून मोकळं वेगळं करायचं. उंदरात देताना शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर असलीच पाहिजे, यात तडजोड नको.

जेंटिसिक अ‍ॅसिड का घालतात असं पुष्कळजण विचारतात. रेडिएशनमुळे पाण्यात तयार होणारे रॅडिकल अँटिबॉडीलाच खातात, ते थोपवायला.

लेबल लागल्यावर अँटिबॉडी काम करते का हे कसं बघायचं?

इम्युनोरिअ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे लेबल्ड अँटिबॉडीतला किती भाग अजून टार्गेटला धरतो ते काढायचं. १९८४ साली आलेली लिंडमोची पद्धत अजून चालते: टार्गेट असलेल्या पेशी वाढत्या संख्येने घ्यायच्या, लेबल्ड अँटिबॉडीचा ठराविक थोडा भाग टाकायचा, किती चिकटली ते मोजायचं आणि पेशी अमर्याद असत्या तर किती चिकटली असती ते आलेखावरून काढायचं. हल्ली चुंबकीय मण्यांवरही करतात. शुद्धता ९९ टक्के आणि इम्युनोरिअ‍ॅक्टिव्हिटी ४० टक्के असं होऊ शकतं, आणि तसं असेल तर उंदरात द्यायच्या आधी मागे जाऊन कंजुगेशन, म्हणजे कीलेटर जोडणं, पुन्हा करा. एक जनावर वाचतं.

चार दिवस थांबायचं नसेल तर?

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे अँटिबॉडी छोटी करायची. फॅब ५० किलोडाल्टनचा, नॅनोबॉडी तर १५ चीच, ती उंटवर्गीय प्राण्यांच्या अँटिबॉडीवरून आली. साधारण ६० च्या खालचं प्रोटीन किडनीतून गाळलं जातं, त्यामुळे तासा-दोन तासात स्कॅन होतं आणि फ्लोरीन-१८, गॅलियम-६८ सुद्धा चालतात. पण किडन्या भयंकर चमकतात, म्हणजे ट्यूमर किडनीजवळ असेल तर अडचण, आणि ट्यूमरमधला एकूण अपटेकही पूर्ण अँटिबॉडीपेक्षा कमीच येतो.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, प्रीटार्गेटिंग. साधी अँटिबॉडी आधी द्यायची, तिच्यावर एक केमिकल हँडल असतं, ती निवांत ट्यूमरपर्यंत जाऊ द्यायची, दोन-तीन दिवसांनी छोटा रेडिओअ‍ॅक्टिव्ह रेणू द्यायचा, तो शरीरातच त्या हँडलला क्लिक होतो आणि उरलेला लघवीवाटे निघून जातो. ट्रान्स-सायक्लोऑक्टिन आणि टेट्राझिनची जोडी यासाठी खूप वापरतात. २०२२ चं केमिस्ट्रीचं नोबेल याच क्लिक आणि बायोऑर्थोगोनल केमिस्ट्रीला मिळालं. शरीराला रेडिएशन कितीतरी कमी बसतं.

ट्यूमर मस्त चमकला, म्हणजे अँटिबॉडी स्पेसिफिक आहे हे सिद्ध झालं ना?

नाही झालं. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि सेमिनारमध्ये सगळ्यात जास्त इथेच घसरतात.

ट्यूमरच्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या असतात, द्राक्षबागेतल्या ड्रिपची जुनी नळी जागोजागी गळते तशा त्या गळतात, आणि गळलेलं वाहून न्यायला लिम्फची व्यवस्था धड नसते. त्यामुळे कुठलंही मोठं प्रोटीन, टार्गेटशी काही संबंध नसलेलं सुद्धा, ट्यूमरमध्ये साचतं. याला ईपीआर इफेक्ट म्हणतात. उंदराच्या मांडीवर भराभर वाढवलेल्या गाठीत तर हे जास्तच दिसतं. म्हणजे तुमचा चमकणारा ठिपका टार्गेटमुळे आहे की गळतीमुळे, हे नुसत्या चित्रावरून कळणं अशक्य आहे.

म्हणून कंट्रोल लागतात. एका गटाला लेबल्ड अँटिबॉडीबरोबर लेबल नसलेली तीच अँटिबॉडी भरपूर जास्त द्यायची, सगळे टार्गेट आधीच भरून जातात, आणि ट्यूमर फिका पडला पाहिजे. याला ब्लॉकिंग म्हणतात. दुसऱ्या गटात टार्गेट नसलेला ट्यूमर: हर-टूसाठी एसके-ओव्ही-३ किंवा बीटी-४७४ पॉझिटिव्ह म्हणून घेतात, आणि एमडीए-एमबी-४६८ निगेटिव्ह म्हणून. तिसऱ्या गटाला त्याच प्रकारची पण कशालाच न चिकटणारी आयजीजी, तोच कीलेटर, तोच आयसोटोप, तेवढेच मायक्रोग्रॅम. या तिन्हींच्या तुलनेत फरक राहिला तर तेवढाच भाग स्पेसिफिक म्हणायचा. फरक दुप्पट आला तरी तो खरा निकाल आहे, त्याला लपवायचं काही कारण नाही, पण आयसोटाइप कंट्रोल, म्हणजे हा तिसरा गटच नसेल तर मी तो पेपर पुढे वाचत नाही.

आणि अजून एक, दोन उंदरांची चित्रं शेजारी ठेवताना कलर स्केल एकच ठेवा आणि आकड्यांसकट द्या. एकाचं स्केल १० पर्यंत आणि दुसऱ्याचं ३० पर्यंत ठेवलं की काहीही सिद्ध केल्यासारखं दिसतं.

टक्के आयडी पर ग्रॅम म्हणजे काय?

दिलेल्या डोसपैकी किती टक्के भाग त्या अवयवाच्या एका ग्रॅममध्ये आहे ते, हाफ-लाइफची दुरुस्ती करून. शेवटच्या स्कॅननंतर उंदीर मारून अवयव काढतात, वजन करतात, गॅमा काउंटरमध्ये मोजतात, त्याला बायोडिस्ट्रिब्यूशन म्हणतात. स्कॅनवरून काढलेला आकडा याच्याशी जुळवून बघायचाच, कारण छोट्या प्राण्यांच्या पेट स्कॅनरचं रिझोल्यूशन साधारण १ ते २ मिलिमीटर असतं आणि ३ मिलिमीटरची गाठ आहे त्यापेक्षा फिकी दिसते. डोस मोजताना सिरिंजमध्ये उरलेलंसुद्धा मोजून वजा करा, आणि शेपटीतच थोडं राहिलं असेल तर शेपटीही मोजा.

गुडघे आणि खांदे का चमकतात? हाडात मेटास्टॅसिस (पसरलेला कॅन्सर) आहे का?

बहुतेक वेळा नाही. मोकळं झालेलं झिर्कोनियम हाडात जाऊन बसतं. डीएफओ धातूला सहा ठिकाणी धरतो आणि झिर्कोनियमला आठ हवे असतात, त्यामुळे दिवस जातील तसं थोडं सुटत राहतं. आठ ठिकाणी धरणारे नवीन कीलेटर, जसं डीएफओ-स्टार, त्यात हे कमी दिसतं. हाडातला मेटास्टॅसिस शोधायचा प्रयोग असेल तर साध्या डीएफओवर विसंबू नका.

एनएसजी उंदरात सगळं स्प्लीनमध्येच गेलं, असं का?

एनएसजी म्हणजे इम्युनिटी जवळजवळ नसलेले उंदीर, त्यांना स्वतःची आयजीजी जवळजवळ नसते. त्यामुळे स्प्लीन आणि बोन मॅरोमधल्या पेशींवरचे एफसी रिसेप्टर (अँटिबॉडीच्या शेपटीकडचा एफसी भाग धरणारे) रिकामे असतात, आणि तुम्ही दिलेली थोडीशी अँटिबॉडी तिथेच उचलली जाते. सोबत साधी नॉन-स्पेसिफिक आयजीजी जास्त देणं किंवा एफसी भागाची साखर काढलेली अँटिबॉडी वापरणं, हे उपाय आहेत. न्यूड उंदरात हा त्रास एवढा नसतो.

फ्लुरोसंट डाय लावून स्वस्तात नाही होणार?

कातडीखालच्या गाठीसाठी होईल, आणि कॉलेज लेव्हलला ते चांगलंच आहे. पण प्रकाश टिश्यूमध्ये फार खोल जात नाही, आतल्या गाठीचा आकडा भरवशाचा येत नाही. पेटमधले ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे फोटॉन उंदरातूनच काय माणसातूनही बाहेर येतात.

उंदरांचे हाल होत नाहीत का?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीमुलांबद्दल मला फार आदर वाटतो, तो विचारलाच पाहिजे. स्कॅनच्या वेळी उंदीर आयसोफ्लुरेनने झोपवलेला असतो, तोंडाशी छोटा मास्क, खाली गरम पॅड, कारण वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव भूल दिल्यावर चटकन गार पडतो. इंजेक्शनच्या आधी शेपटी कोमट करतात म्हणजे शीर फुगते आणि एकदाच टोचावं लागतं. साधारण १०० ते २०० मायक्रोलिटरच द्यायचं, त्याचं सगळं रक्तच दोन मिलीच्या आत असतं. ट्यूमर ठरलेल्या मापाच्या पुढे वाढू द्यायचा नाही, त्याआधी थांबायचं.

इमेजिंगमुळे प्राणी कमी लागतात हेही खरं. पाच वेळांचे आकडे हवेत आणि प्रत्येक वेळेला पाच उंदीर मारले तर पंचवीस होतात, स्कॅनमध्ये त्याच पाच उंदरांना पाचही वेळा बघता येतं. संस्थेच्या एथिक्स कमिटीची आणि सीसीएसईए या प्राणी-प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीच्या नियमांप्रमाणे मंजुरी घेतल्याशिवाय एकही उंदीर आणता येत नाही.

रेडिएशनचा आम्हाला धोका किती?

नियम पाळले तर आटोक्यात. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी असलेली जागा, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, छातीवर रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज. उंदराला साधारण ४ ते ८ मेगाबेक्वेरल देतात, पण लेबलिंग करताना हातात त्याच्या कितीतरी पट असतं, म्हणून सगळी काळजी तिथे. इंजेक्शननंतर पिंजऱ्यातला भुसा, लघवी, सगळं रेडिओअ‍ॅक्टिव्ह धरायचं. कचरा दहा हाफ-लाइफ साठवतात, झिर्कोनियमसाठी साधारण ३३ दिवस, तोपर्यंत हजारातला एक भाग उरतो, मग मोजून टाकतात.

नाशिकमध्ये राहून यातलं काय करता येईल?

जितकं वाटतं त्यापेक्षा बरंच. हॉट काम कॉलेजच्या लॅबमध्ये करता येणार नाही आणि करायचा विचारही नको. पण थंड भाग म्हणजे अर्धं शास्त्र आहे: अँटिबॉडीवर कीलेटर जोडणं, एचपीएलसीवर अँटिबॉडीच्या गुठळ्या झाल्या का बघणं, जेल चालवणं, एलायझाने बाइंडिंग टिकलं का तपासणं, पेशींवर टार्गेट खरंच आहे का बघणं. एचपीएलसी आपल्याकडच्या बहुतेक फार्मसी कॉलेजात असते, हर-टूला धरणारी ट्रास्टुझुमॅब ही अँटिबॉडी बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच बनवलेली) रूपात बाजारात मिळते. हे सगळं नीट करून गेलं तर मुंबईच्या बाजूच्या लॅबचा गाइड तुम्हाला गंभीरपणे घेतो. भाभा अणुसंशोधन केंद्र ट्रॉम्बेला, रेडिओआयसोटोप पुरवणारं ब्रिट वाशीला, टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक खारघरला, म्हणजे देशातलं या विषयातलं मोठं काम आपल्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर चालतं.

उंदरात चाललं म्हणजे माणसात चालेल?

ट्रास्टुझुमॅब माणसाच्या हर-टूला धरते, उंदराच्या नाही. त्यामुळे उंदरात ती फक्त लावलेल्या मानवी ट्यूमरला चिकटते आणि चित्र सुंदर येतं. माणसात तेच प्रोटीन थोडं थोडं इतर ठिकाणीही असतं, रक्तातही सुटलेलं असतं. २०१० मध्ये झिर्कोनियम-८९ ट्रास्टुझुमॅबचा पेशंटमधला पहिला अभ्यास आला तेव्हा आधी ट्रास्टुझुमॅब न घेतलेल्या पेशंटना सोबत ५० मिलिग्रॅम अँटिबॉडी द्यावी लागली, नाहीतर लेबल्ड भाग लिव्हरमधून पटकन निघून जात होता, आणि चांगली चित्रं चौथ्या-पाचव्या दिवशी मिळाली. उंदरातला डोस वजनाने गुणून माणसाचा डोस येत नाही.

माझ्या काकूंना ब्रेस्ट कॅन्सर आहे, त्यांच्यासाठी हा स्कॅन नाशिकला होईल का?

काकूंना लवकर बरं वाटो. हा स्कॅन रोजच्या उपचारातला नाही, त्यासाठी धावपळ करू नका, कोणी असं काही विकत असेल तर पैसे देऊ नका. हर-टू आहे की नाही हे बायोप्सीच्या तुकड्यावर आयएचसी (प्रोटीन रंगवून बघायची टेस्ट) करून कळतं, आकडा टू-प्लस म्हणजे अनिश्चित आला तर फिश (जीनच्या प्रती मोजणारी) टेस्ट करतात, आणि नेहमीचा पेट-सीटी नाशिकमध्येच होतो. रिपोर्टमध्ये हर-टू लिहिलेलं नसेल तर ऑन्कोलॉजिस्टना सरळ विचारा, संकोच करू नका.

यात करिअर करायचं तर काय शिकायचं?

केमिस्ट्रीवाल्यांना कीलेटर आणि कंजुगेशन, फार्मसीवाल्यांना रेडिओफार्मसी, बायोटेकवाल्यांना अँटिबॉडी इंजिनिअरिंग, फिजिक्सवाल्यांना स्कॅनर आणि डोसिमेट्री. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरचा डीएमआरआयटी (मेडिकल रेडिओआयसोटोप टेक्निक्सचा) डिप्लोमा सायन्स ग्रॅज्युएटसाठी आहे, त्याची जाहिरात आणि पात्रता त्यांच्या अधिकृत साइटवरच बघा, फॉरवर्ड आलेल्या पीडीएफवर जाऊ नका. आणि अर्ज करायच्या आधी डिके करेक्शनची, म्हणजे हाफ-लाइफच्या दुरुस्तीची गणितं हाताने सोडवून बघा, इंटरव्ह्यूला ती विचारली गेली तर कॅल्क्युलेटर शोधत बसावं लागणार नाही.